इंडक्शन शेगडी मधेच बंद पडते? आधी कितव्या मिनिटाला ते लिहा

"बंद पडलं गं परत." गेल्या पावसाळ्यात मिरजेहून आईचा फोन आला की बहुतेक वेळा याच वाक्याने सुरुवात व्हायची. कुकर अर्ध्यावर, तांदूळ फुगून बसलेले आणि इंडक्शन शेगडी गप्प. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की ती काहीच झालं नाही अशी चालू व्हायची. दुरुस्तीवाला येऊन आतलं सर्किट बदलून गेला, पैसे घेऊन गेला आणि सोळाव्या दिवशी पुन्हा तोच फोन.

मी ठाण्यात, शेगडी तिकडे. फोनवरून मला एकच गोष्ट विचारता येत होती: "किती वेळ चालली होती?" मग आईने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पेन्सिलीने लिहायला सुरुवात केली. चालू केली ती वेळ, बंद पडली ती वेळ, वर कुठलं भांडं होतं. नऊ दिवसांत चौदा नोंदी झाल्या. त्या फोनवर वाचून घेतल्या तेव्हा कळलं की ज्याला आम्ही एक बिघाड समजत होतो ते तीन होते, आणि त्यातला एकही शेगडीच्या आत नव्हता.

म्हणून ज्यांची शेगडी वारंवार बंद पडते त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, दुरुस्तीला टाकण्याआधी आठवडाभर वेळा लिहा. बंद पडण्याची वेळच कारणापर्यंत नेते.

कामाची रीत थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं पटेल. काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारी वीज फिरते आणि तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याच्या बुडात गोल गोल प्रवाह तयार होतात. तापतं ते बूड. काच तापते ती भांड्याच्या स्पर्शाने. एवढं व्हायला तीन गोष्टी नीट हव्यात: भिंतीतून येणारी वीज, आतले भाग थंड ठेवणारी हवा, आणि भांड्याचं बूड. यातलं एक जरी बिघडलं तरी शेगडी स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते.

पहिल्या मिनिटातच बंद पडली तर

टी-टी असा आवाज, पडद्यावर एखादा आकडा आणि अर्ध्या-एक मिनिटात बंद. इथे संशय भांड्यावर घ्यायचा. पडद्यावरच्या आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो, तेव्हा शेजारच्यांच्या शेगडीवरून अंदाज बांधू नका, आपल्या शेगडीची पुस्तिका काढा.

फ्रिजवरचं चुंबक काढून भांड्याच्या बुडाला लावून बघा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल. जर्मनची पातेली, हिंडालियमची कढई, तांबं, पितळ यांना चुंबक धरतच नाही. स्टीलच्या बाबतीत मात्र फसायला होतं. लग्नात आलेली जाड, चकचकीत, भारीची पातेली बऱ्याचदा अशा स्टीलची असतात की ज्याला चुंबक लागत नाही, आणि साधं स्वस्त पातेलं मात्र झटकन चालतं. चुंबक जेमतेम टेकून घसरत असेल तर शेगडी त्या भांड्याला कधी ओळखेल, कधी नाही.

आकारही बघावा लागतो. बुडाचा व्यास साधारण १२ सेंटिमीटरच्या खाली गेला की बऱ्याच शेगड्या भांडं ठेवलंच नाही असं धरतात. फोडणीचं कढलं म्हणूनच चालत नाही. गोल बुडाच्या कढईचा तर काचेशी टेकाच एका बिंदूपुरता.

आईच्या चौदातल्या चार नोंदी अशाच पहिल्या मिनिटातल्या होत्या आणि चारही वेळा वर दुधाचं एकच पातेलं होतं. चुंबक त्याला घट्ट लागत होतं, तरी अडत होतं. शेवटी मी तिला म्हटलं, "आई, ते रिकामं पातेलं काचेवर ठेव आणि हळूच फिरव." ते भोवऱ्यासारखं गरकन फिरलं. बूड बाहेर फुगलं होतं, मधोमध टेकायचं आणि कडा वर राहायच्या. स्टीलची पट्टी बुडावर आडवी धरून उजेडाकडे बघितलं तरी हे कळतं. पट्टी आणि बूड यांच्यामधून उजेड दिसला की बूड सपाट राहिलेलं नाही. बूड असं वाकतं ते बहुधा रिकामं भांडं पूर्ण वॉटवर ठेवल्याने, किंवा तापलेल्या भांड्यात एकदम गार पाणी ओतल्याने. पातळ बुडाच्या भांड्याला एवढंही पुरतं.

आतल्या बाजूला, वाटीसारखं दबलेलं बूड जास्त धोक्याचं. बहुतेक शेगड्यांत काचेखाली बरोबर मध्यावर तापमान ओळखणारा सेन्सर असतो. बूड मधे उचललेलं असलं तर भांडं किती तापलंय हे त्याला उशिरा कळतं, आणि तोवर तेल धुरावलेलं असतं. तळणीला असं भांडं अजिबात घेऊ नका. फोडणीचं तीन चमचे तेलसुद्धा २००० वॉटवर बघता बघता धूर सोडतं. फोडणी ८०० वॉटवर करावी आणि तिथून हलू नये. तेलाने पेट घेतलाच तर भिंतीवरचं बटण बंद करून वर झाकण घालायचं. पाणी कधीच नाही.

जर्मनच्या भांड्याखाली ठेवायच्या लोखंडी चकत्या बाजारात मिळतात. मी त्या घेऊ नका म्हणेन. चकती भयंकर तापते, तिची धग खाली काचेला आणि सेन्सरला लागते, आणि पहिल्या मिनिटातला त्रास मिटून दहाव्या मिनिटाचा सुरू होतो.

एक गोष्ट मात्र बिघाड समजू नका. कमी वॉटवर बऱ्याच शेगड्या सलग चालत नाहीत. काही सेकंद जोरात, काही सेकंद बंद, अशी सरासरी काढतात. म्हणून ३०० वॉटवर दूध क्षणात वर येतं आणि क्षणात खाली बसतं. चालू-बंद होण्याला नेमका ताल असेल तर शेगडी ठीक आहे. पातेल्याची बारीक गुणगुणही तशीच, बुडाच्या थरांची कंपनं ती.

दहा ते वीस मिनिटांनी बंद पडली तर

आईच्या सहा नोंदी अशा होत्या: १२ मिनिटं, १४ मिनिटं, पुन्हा १२. सगळ्या दुपारच्या, सगळ्या कुकरच्या. थोडा वेळ थांबलं की शेगडी पुन्हा चालू होत होती. याचा अर्थ एकच, आतले भाग तापत होते.

शेगडीच्या पोटात पंखा असतो. तो खालून हवा ओढतो आणि मागून किंवा बाजूने बाहेर टाकतो. आईने ओटा खराब होऊ नये म्हणून शेगडीखाली प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ दुहेरी घडी घालून अंथरला होता. शेगडीचे पाय जेमतेम बोटाच्या पेराएवढे उंच. पंखा फिरायला लागला की ते मऊ प्लॅस्टिक वर खेचलं जाऊन जाळीला चिकटायचं आणि हवेची वाट बंद. कडक फरशीवर ठेवून बघितली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. वर्तमानपत्र अंथरलं तरी तेच होतं, शेगडीवर फडक्याचा खोळ घालून कडा लोंबत ठेवल्या तरी तेच.

मागच्या बाजूला शेगडी भिंतीच्या टाइल्सना चिकटून होती आणि डावीकडे मसाल्याचे डबे. म्हणजे बाहेर आलेली गरम हवा पुन्हा आत. मागे आणि बाजूंना निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. चालू असताना मागच्या फटींजवळ हात धरा. वाऱ्याची झुळूक स्पष्ट लागली पाहिजे. झुळूक मंद असेल तर प्लग काढून, शेगडी उलटी करून जाळीवरचं तेलकट किटण कोरड्या ब्रशने काढा. गॅसच्या शेजारी इंडक्शन ठेवली असेल तर दोन्ही एकाच वेळी चालवू नका. गॅसची धग आणि फोडणीची वाफ पंखा आत ओढतो.

झुरळांचं सांगायला हवं, कारण दुरुस्तीवाल्यांना हे रोजचं आहे. शेगडीचं पोट ऊबदार, अंधारं, आणि वर खरकट्याचा वास. झुरळांना याहून काय हवं? सर्किटवर झुरळ अडकलं की तिथे वीज भलतीकडे जाते आणि भाग जळतात. रात्री काच आणि कडा ओल्या फडक्याने पुसून कोरड्या करा, शेगडी उभी करून ठेवता आली तर उत्तम. जाळीतून आत कीटकनाशकाचा फवारा मात्र मारू नका, तो सर्किटवर बसतो.

स्वयंपाक झाल्यावर घाईने भिंतीचं बटण बंद करायची आपल्याला सवय असते. शेगडीचं बटण बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटं फिरत राहतो, आतली धग काढण्यासाठी. तो थांबला की मगच भिंतीचं बटण बंद करा.

कुकरचंही बघू. आई पहिल्यापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत २००० वॉटच ठेवायची. कुकरमध्ये पूर्ण दाब आला की आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास थांबतं. त्यापुढे दिलेली वीज डाळ शिजवत नाही, शिट्टीतून बाहेर जाते. पहिली शिट्टी झाली की ८०० वर आणा. डाळ तेवढ्याच वेळात शिजते, शेगडी तापत नाही आणि शिट्टीतून वरणाचं पाणी उडून मागच्या फटीत जायचंही थांबतं. २००० वॉटवर अर्धा तास म्हणजे पूर्ण एक युनिट, हा हिशेब बिल बघणाऱ्यांसाठी.

टेबलक्लॉथ काढला, शेगडी पुढे ओढली, वॉट कमी केले. दुपारच्या नोंदी तिथेच संपल्या. बदललेल्या सर्किटचे पैसे मात्र गेले ते गेलेच. हवा मोकळी असूनही कुणाची शेगडी बाराव्या मिनिटाला बंद पडत असेल, तर पंखा मंदावलाय किंवा सेन्सर बिघडलाय, आणि तिथे दुरुस्तीवालाच लागतो.

संध्याकाळीच बंद पडत असेल तर

उरलेल्या नोंदी साडेसात ते नऊमधल्या. भांडं कुठलंही, मिनिटं कितीही. दिवसा हेच भांडं सुरळीत. हे व्होल्टेज कमी पडत असल्याचं लक्षण.

सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो, आकडा थेट दिसतो. तो मी कुरिअरने पाठवला. दुपारी शेगडी बंद असताना २२८ व्होल्ट. संध्याकाळी आठला, शेगडी बंद, १९६. शेगडी चालू करताच १७१.

हे दोन आकडे वेगवेगळे वाचायचे असतात. शेगडी बंद असतानाच १९६ दिसतंय, म्हणजे बाहेरून येणारी वीजच कमी आहे; त्याची तक्रार महावितरणकडे करायची, व्होल्टमीटरच्या फोटोसकट. पण शेगडी चालू होताच आणखी २५ व्होल्ट पडतात, त्यातला मोठा वाटा घरातल्या वायरिंगचा असू शकतो. मला झोप उडवणारा आकडा हा होता. २५ व्होल्ट गुणिले ८ अँपिअर म्हणजे २०० वॉट. एवढी उष्णता भांड्यात न जाता वाटेतल्या वायरी आणि जोडांत निघत होती, त्यातली बरीचशी जुन्या घराच्या भिंतीत.

वायरमनने बोर्ड उघडला तेव्हा दिव्या-पंख्यांच्या बारीक वायरीवरच ओट्याचा पॉइंट काढलेला दिसला. मेनपासून ओट्यापर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी वायर, स्वतंत्र १६ अँपिअरचं एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारं बटण), मोठ्या पिनेचं सॉकेट आणि अर्थिंग असं नव्याने घातलं. आता शेगडी चालू केली की चार व्होल्ट पडतात. संध्याकाळी बाहेरचं व्होल्टेज अजूनही उतरतं, तेव्हा आई १२०० वॉटवर करते, त्यात शेगडी निभावून नेते.

वेळेचा मेळच लागत नसेल तर

कधी तिसऱ्या मिनिटाला, कधी विसाव्या, भांड्याला धक्का लागला की बंद, प्लग हलवला की चालू. असं होत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून हे आजच तपासा, कारण यातून आग लागते.

२००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेते. ओट्यावरच्या बोर्डात असतात ते लहान पिनेचे पॉइंट ६ अँपिअरचे. शेगडीची जाड पिन त्यात जात नाही म्हणून आपण कन्व्हर्टर पिन आणतो आणि काम भागवतो. जाड पिन त्यात जात नाही हाच खरा इशारा होता. आईकडची कन्व्हर्टर पिन एका बाजूने तपकिरी झाली होती आणि तिला रोज दिसत असूनही ती जुनी म्हणून तशी वाटत होती.

सॉकेटमधली पकड सैल झाली आणि जोडात अवघा अर्धा ओहम अडथळा आला, तरी एवढ्या प्रवाहाला तिथे ३८ वॉट उष्णता निघते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ ते ३५ वॉटचं असतं. म्हणजे प्लॅस्टिकच्या बोर्डात रोज तासभर तापलेलं सोल्डरिंग आयर्न खोचून ठेवल्यासारखं झालं.

पंधरा मिनिटं चालवून शेगडी बंद करा, भिंतीचं बटणही बंद करा आणि प्लगच्या वरच्या भागाला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलेपर्यंत ती शेगडी लावू नका. पिनेभोवती पिवळट डाग, जळक्या प्लॅस्टिकचा वास, बोर्डातून बारीक चर्रचर्र ही पुढची लक्षणं. स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डवर इंडक्शन कधीच नको. वायरीची गुंडाळी तशीच ठेवून वापरलं तर ती गुंडाळीच आतून वितळते.

शेगडीबरोबर घरातली वीजही जात असेल तर

एमसीबी पडत असेल तर बहुधा त्या लाइनवर झेपत नाही एवढा भार आहे. गिझर, मिक्सर, इस्त्री त्याच लाइनवर आहे का बघा. जास्त अँपिअरचं एमसीबी बसवून घेणं हा उपाय नव्हे. त्याने एमसीबी पडायचं थांबेल, वायर तापायची थांबणार नाही. आरसीसीबी किंवा ईएलसीबी (गळती ओळखून वीज तोडणारं बटण) पडत असेल तर वीज गळते आहे, बहुधा उतू गेलेलं दूध किंवा पाणी फटीतून आत गेलेलं असतं. प्लग काढा, पूर्ण वाळू द्या, पुन्हा पडलं तर उघडून दाखवा. काचेला तडा दिसला तर केसाएवढा असला तरी वापर बंद. त्यातून ओल थेट विजेपर्यंत जाते.

बरोबर दोन तासांनी बंद पडली तर काही करायचं नाही. बऱ्याच शेगड्या दोन तास कुठलंच बटण दाबलं नाही की आपोआप बंद होतात. माझ्या मावशीची बासुंदी दरवेळी अशीच अडायची. मधे एकदा वॉट कमी-जास्त केले की मोजणी नव्याने सुरू होते.

दुरुस्तीला देताना

सगळं बघून झालं, आता दुरुस्तीच हवी असं वाटलं, तर आधी एक चाचणी करा. सपाट बुडाच्या, चुंबक लागणाऱ्या पातेल्यात मोजून एक लिटर पाणी, झाकण घालून, १५०० वॉटवर. साधारण साडेचार मिनिटांत खळखळून उकळी यायला हवी. आठ मिनिटं लागली तर शेगडी पुरती वीज भांड्यात घालत नाहीये. दुसरं भांडं आणि दुसऱ्या घरातला पॉइंट घेऊन पुन्हा करून बघा. तिथे साडेचार मिनिटं आली तर शेगडी निर्दोष.

स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज काही काळ साठून राहते. घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर त्यांनी चालू शेगडीपासून दोन फूट लांब राहावं आणि वापरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

दुरुस्तीवाल्याला "बंद पडते" एवढंच सांगितलंत तर तो सर्किट बदलणार, कारण त्याच्या दुकानात ती दहा मिनिटं छान चालते. त्याला वेळा लिहिलेला कागद द्या, पडद्यावर आलेला आकडा, व्होल्टमीटरचं वाचन आणि लिटरभर पाण्याला लागलेली मिनिटं द्या. आईने ते कॅलेंडरचं पान फाडून शेगडीच्या पुस्तिकेत घालून ठेवलंय. दुधाला तिने जाड, सपाट बुडाचं नवं पातेलं आणलं. जुनं कुंडीखाली गेलं.